नव्या खात्याचा पहिला लॉगिन

संगणकावर नवं खातं उघडलं आणि त्या माणसाने पहिल्यांदा लॉगिन केलं, की समोर जे येतं ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तारखेत आधी दिवस की आधी महिना, कागद कुठल्या मापाचा, कीबोर्ड कुठल्या भाषेचा, फाइलचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटचा तिचा प्रकार सांगणारा तुकडा, दिसणार की लपणार. आपण काही ठरवलं नाही, तर विंडोज किंवा लिनक्स बनवणाऱ्यांनी ठरवलेलं चालतं, आणि ते त्यांच्या डोळ्यांपुढच्या माणसासाठी असतं. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी बीडहून सदाशिव पेठेत आलेली मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढे नसते. माझ्या असते, म्हणून हे काम मी मनापासून करते.

एका जुन्या वाचनालयाच्या अभ्यासिकेतले संगणक मी सांभाळते. दिवसा नोकरी, संध्याकाळी इथे. निम्म्या मशीनवर विंडोज ११ आहे. उरलेली मशीन जुनी, विंडोज ११ ला न चालणारी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हा त्यांच्यावर उबुंटू हे लिनक्स चढवलं. येणारी माणसं तीन तऱ्हेची. एमपीएससी करणारी मुलं-मुली सर्वांत जास्त. दुपारी ज्येष्ठ मंडळी येतात, कुणी मेल शिकायला, कुणी आठवणी टाइप करायला. आणि दहावी-बारावीच्या निकालानंतर प्रवेशाचे अर्ज भरणारी मुलं, सोबत आई नाहीतर बाबा.

प्रत्येकाचं खातं वेगळं, हा आमचा नियम. ‘एकच स्टुडंट नावाचं खातं ठेवा की, कशाला एवढा व्याप,’ असं मला अधूनमधून सुचवलं जातं. अर्ज भरायला बसलेल्या मुलीच्या डाउनलोड्समध्ये काय काय पडलेलं असतं ते एकदा बघा: आधार कार्डाचं स्कॅन, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, सहीचा फोटो. सामायिक खात्यात हे सगळं पुढच्या माणसासमोर उघडं राहतं. त्यामुळे खाती वेगळीच हवीत. आणि खाती वेगळी म्हटली की दर नव्या सभासदामागे तीच मांडामांड पुन्हा आली. ती पुन्हापुन्हा करावी लागू नये म्हणून डिफॉल्ट प्रोफाइल, म्हणजे प्रत्येक नव्या खात्याला सुरुवातीला मिळणारी मांडणी, एकदाच नीट लावून ठेवायचं.

त्याने फरक किती पडतो ते दोन साध्या गोष्टींवरून सांगते.

पहिली कागदाची. अमेरिकेत कागद लेटर मापाचा, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्याकडे ए-फोर, २१० बाय २९७. खात्याचा प्रदेश अमेरिका राहिला की बरीच सॉफ्टवेअर लेटर गृहीत धरतात. मग ए-फोरचा अर्ज छापताना खालचा पट्टा कापला जातो, नाहीतर सगळं पान आकसून येतं. अर्जाच्या खालच्या पट्ट्यात काय असतं? सही आणि दिनांक. टिळक रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभं राहून, पैसे देऊन हातात आलेल्या प्रिंटवर सहीची जागाच नाही, आणि शेवटची तारीख आजचीच. अशा वेळी चूक आपलीच असणार असं ती मुलं धरून चालतात. चूक त्यांची नसते.

दुसरी तारखेची. प्रदेश अमेरिका असलेल्या खात्यात एक्सेल उघडून ०४/०५/२००१ लिहा. तुम्ही ४ मे लिहिलेलं असतं, एक्सेल ५ एप्रिल समजतं. १३/०५/२००१ लिहा, तेरावा महिना नसल्यामुळे ते तारीख न धरता नुसता मजकूर म्हणून पडून राहतं. म्हणजे एकाच रकान्यात बारा तारखेपर्यंतच्या नोंदी उलट्या झालेल्या आणि तेरापासून पुढच्या तारखाच नाहीत. तो रकाना क्रमाने लावला की जे निघतं त्याला काही अर्थ नसतो, आणि वरवर बघणाऱ्याला ते कळतही नाही. आकड्यांचंही तसंच. १२,३४,५६७ हे आपल्याला एका नजरेत बारा लाख वाचता येतं. १,२३४,५६७ लिहिलं की घरखर्चाचा हिशेब मांडणारे आजोबा बोटाने स्वल्पविराम मोजत बसतात.

आता विंडोजवर हे करायचं कसं. सी ड्राइव्हवर युजर्स या फोल्डरात डिफॉल्ट नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं. नवा माणूस पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा विंडोज याच फोल्डरची नक्कल करून त्याचं घर तयार करतं. त्यात एनटीयूजर डॉट डॅट नावाची फाइल असते, ती म्हणजे त्या माणसाच्या पसंतीची रजिस्ट्री, विंडोज सेटिंग्जच्या नोंदी ठेवतं ती वही. नक्कल झाली की ती त्याची, मूळ जागी काही बदललं तरी त्याच्याकडे काही हलत नाही.

प्रदेश, तारीख, आकडे आणि कीबोर्ड यांच्यासाठी रजिस्ट्रीत शिरायची गरजच नाही, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. आधी स्वतःच्या खात्यात सगळं हवं तसं लावून घ्यायचं: देश भारत, स्वरूप इंग्लिश इंडिया, भाषांमध्ये मराठीची भर. मग कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनच्या खिडकीत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह हा टॅब, तिथे कॉपी सेटिंग्जचं बटण. उघडलेल्या खिडकीत तळाशी दोन चौकटी असतात. एक वेलकम स्क्रीन आणि सिस्टीमच्या खात्यांसाठी, दुसरी नव्या खात्यांसाठी. मी फक्त दुसरीवर खूण करते. कारण पासवर्डाचं. लॉगिनच्या पडद्यावरही मराठी कीबोर्ड आला आणि कुणाच्या हातून विंडोज-स्पेस दाबलं गेलं, की पासवर्डाच्या जागी ठिपकेच दिसत असल्याने आपण देवनागरीत टाइप करतोय हे माणसाला कळत नाही. तो पुन्हापुन्हा तोच पासवर्ड मारतो, घाबरतो, आणि ‘मॅडम, माझं खातं बंद झालं’ म्हणत येतो. ज्येष्ठांच्या बाबतीत तर एवढ्याशा धक्क्याने त्यांचं शिकणंच थांबतं. म्हणून लॉगिनच्या पडद्यावर इंग्रजीच, आत गेल्यावर मराठी हजर.

रजिस्ट्रीतला एक बदल मात्र मी प्रत्येक मशीनवर करतेच: एक्स्टेन्शन दाखवायचं. विंडोज ते मुळात लपवतं. म्हणजे ‘हॉलतिकीट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ नावाची फाइल, जी खरं तर चालणारा प्रोग्राम असते, पडद्यावर ‘हॉलतिकीट डॉट पीडीएफ’ अशी दिसते. परीक्षेच्या दिवसांत टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर उत्तरतालिका, नोट्स, वेळापत्रक यांचा पूर वाहतो. त्यात कोण काय मिसळेल सांगता येत नाही. खरं नाव पूर्ण दिसणं हा त्या मुलांचा हक्क आहे असं मी मानते.

कृती अशी. मूळ एनटीयूजर डॉट डॅटची एक प्रत आधी बाजूला ठेवायची. अ‍ॅडमिन खात्यातून रेजेडिट हे रजिस्ट्री बदलायचं साधन उघडायचं, एचकी युजर्सवर टिचकी मारायची, फाइल मेनूतून लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल), आणि डिफॉल्ट फोल्डरातली ती फाइल निवडायची. नाव विचारतं, काहीही द्या, मी ‘नवीन’ देते. मग त्या ‘नवीन’च्या आत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, अ‍ॅडव्हान्स्ड असं उतरत जायचं आणि हाइडफाइलएक्स्ट या नावाने ३२ बिटांचा डीवर्ड (आकड्याची नोंद) करून किंमत ० ठेवायची. झालं की ‘नवीन’वर परत यायचं आणि फाइल मेनूतून अनलोड हाइव्ह. ही शेवटची पायरी कुणी गाळू नये. रेजेडिट नुसतं बंद केलं तर हाइव्ह चढलेलाच राहतो, फाइल अडकून पडते आणि नव्या माणसाचं प्रोफाइल बनताना अडचण येते.

पीडीएफ कशात उघडायची यासारख्या गोष्टी मात्र रजिस्ट्रीत हाताने लिहून जमत नाहीत, विंडोज ८ पासून त्या निवडीला संरक्षण आहे. तिथे डिझम ही आज्ञा वापरायची: एका खात्यात पसंती लावून त्यांची यादी फाइलमध्ये काढायची आणि तीच परत आत भरायची. पुढे येणाऱ्या नव्या खात्यांना ती लागू होते.

इंटरनेटवर अजून एक सल्ला सर्रास दिसतो. एक खातं मस्त सजवा आणि त्याचं सगळं फोल्डर उचलून डिफॉल्टवर चिकटवा. कृपा करून हे करू नका. एक्सपीच्या काळात कुठल्याही खात्याचं प्रोफाइल उचलून डिफॉल्टवर टाकायला एक बटण होतं. विंडोज ७ पासून ते बटण डिफॉल्ट प्रोफाइल सोडून बाकी सगळ्यांसाठी निष्क्रिय आहे, आणि त्यामागे कारण आहे. वापरलेल्या खात्यात त्या माणसाच्या परवानग्या, त्याच्या फोल्डरांचे पूर्ण पत्ते, ब्राउझरमधली लॉगिनं, सगळं रुतून बसलेलं असतं. ते दर नव्या सभासदाच्या घरी पोचवणं म्हणजे आपल्या घराच्या किल्ल्या वाटण्यासारखं आहे. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत मार्ग सिसप्रेप या साधनाचा, त्याला सूचना देणाऱ्या ‘आन्सर फाइल’मध्ये कॉपीप्रोफाइल चालू ठेवून. शंभर मशीनच्या कॉलेजला तो शोभतो. आमच्यासारख्या एका खोलीला वरच्या कृती पुरतात.

उबुंटूवरचं काम मला जास्त आवडतं, कारण सगळं साध्या फाइलींमध्ये उघडं दिसतं. ईटीसीच्या आत स्केल नावाचं फोल्डर असतं. नवं खातं बनताना त्यात जे असेल ते नव्या घरात उतरतं आणि मालकी त्या माणसाच्या नावावर होते. मुळात तिथे बॅशच्या दोन-तीन लपलेल्या फाइलींपलीकडे काही नसतं. एक लक्षात ठेवायचं: अ‍ॅडयूजर या आज्ञेने खातं केलं तर घर आपोआप बनतं. यूजरअ‍ॅडने केलं तर उबुंटूवर एम हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर घरच बनत नाही आणि स्केलमधली मेहनतही पोचत नाही.

मी स्केलमध्ये काय ठेवते? लिबरऑफिसचा एक कोरा साचा, ए-फोर, नोटो सान्स देवनागरी टंक, ओळींमध्ये मोकळी जागा. तो साच्यांच्या फोल्डरात असला की उजवी टिचकी मारून थेट नवा कागद उघडता येतो. इथे मराठी वापरणाऱ्याला एक खाच लागते. उबुंटू पहिल्या लॉगिनला घरातली फोल्डरं सत्राच्या भाषेत बनवतं. स्केलमध्ये आपण इंग्रजी नावाचं टेम्प्लेट्स ठेवलेलं आणि सत्र मराठी, तर दोन फोल्डरं शेजारीशेजारी उभी राहतात आणि साचा चुकीच्या घरात बसतो. म्हणून कुठलं फोल्डर कशासाठी हे सांगणारी यूजर-डर्स डॉट डर्स ही फाइलही मी स्केलच्या कॉन्फिगमध्ये ठेवते, आणि त्या नावाची फोल्डरंसुद्धा. त्या फाइलीत पत्ते होमपासून सुरू होतात, कुणा एकाच्या नावाने नाही, त्यामुळे ती सगळ्यांना चालते.

उबुंटूचा डेस्कटॉप असलेल्या नोमच्या पसंती, म्हणजे कीबोर्डांची यादी, घड्याळ, अक्षरांचा आकार, या डीकॉन्फ नावाच्या कोठारात राहतात. ते कोठार वाचता न येणाऱ्या बायनरी स्वरूपात असतं, ते स्केलमध्ये टाकलं तर उद्या त्यात काय आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यापेक्षा ईटीसी डीकॉन्फमध्ये यूजर नावाच्या प्रोफाइलमध्ये आधी माणसाचं स्वतःचं कोठार, त्याखाली लोकल नावाचं आमचं, असा क्रम लिहायचा. आमच्या पसंती लोकल डॉट डी फोल्डरात साध्या मजकुरात लिहायच्या आणि डीकॉन्फ अपडेट ही आज्ञा द्यायची. माणसाने स्वतः काही बदललं नसेल तोवर आमचं दिसतं, त्याने बदललं की त्याचं. याच ठिकाणी कुलपं घालायचीही सोय आहे, म्हणजे मग कुणाला काही बदलताच येत नाही. मी ती वापरत नाही.

यावरून आमच्या बैठकीत थोडी चर्चाही झाली. संस्थेच्या बोधचिन्हाचा वॉलपेपर सगळीकडे लावावा आणि तो कुणाला बदलता येऊ नये, असं एका विश्वस्तांचं म्हणणं पडलं. मी त्यांना म्हटलं, ‘काका, पहिल्या दिवशी काय दिसावं ते आपण ठरवू. दुसऱ्या दिवसापासून ते खातं त्या मुलांचं.’ खोली भाड्याची, जेवण मेसचं, टेबल क्रमांकाने मिळालेलं, अशा आयुष्यात गावच्या जत्रेचा किंवा आईवडिलांचा फोटो पडद्यावर लावता येणं ही किरकोळ गोष्ट नाही. काकांना ते पटलं. बोधचिन्ह आता फक्त लॉगिनच्या पडद्यावर आहे.

घराच्या परवानग्यांबद्दलही सांगायला हवं. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या घरांना ७५० ही परवानगी मिळते, म्हणजे शेजारच्या खात्याला आत डोकावता येत नाही. त्याआधी ७५५ असायची, कुणीही वाचू शकायचं. जुन्या आवृत्तीपासून चढत चढत आलेलं मशीन असेल तर जुनी घरं तशीच उघडी राहिलेली असू शकतात, ती हाताने बंद करावी लागतात.

आता मराठीचं, ज्यासाठी मी मुळात या वाटेला लागले. संगणकावर मराठी येत नाही, हे वाक्य मी फार ऐकलं आहे, आणि बहुतेक वेळा संगणकाला मराठी येत असते, फक्त त्या खात्यात ती कुणी चालू केलेली नसते. ती चालू करायला सेटिंग्जमध्ये जिथे जावं लागतं तिथवरची वाट नवख्या माणसाला दिसत नाही. मग तो रोमनमध्ये ‘mi’ऐवजी मी कसं लिहू हे विचारायचंही सोडून देतो. नव्या खात्यात मी कीबोर्ड तीन देते, या क्रमाने: इंग्रजी, मराठी इनस्क्रिप्ट, मराठी उच्चारानुसारी (रोमनमध्ये टाइप केलं की देवनागरी उमटणारा). मोबाइलवर वाढलेली मुलं तिसऱ्याकडे जातात आणि त्यात काही वावगं नाही. विंडोजमध्येही २०१९ पासून तसा कीबोर्ड अंगचाच येतो. पण कुणाला भरपूर आणि रोज लिहायचं असेल तर मी इनस्क्रिप्टच सुचवते. तो आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, आणि हिंदी, गुजराती, कन्नड लिहायची तरी कळांची जागा तीच.

‘ताई, सुऱ्यामधला ऱ्या कसा काढायचा?’ हा प्रश्न मला निवृत्त शिक्षक असलेल्या एका आजोबांनी विचारला होता. शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची कळ, की ऱ्य झाला, पुढे काना. ते ऐकून त्यांनी तऱ्हा, वाऱ्यावर, पुऱ्या, कोऱ्या असे शब्द कितीतरी वेळ लिहून पाहिले. त्यांच्यामुळे प्रत्येक नव्या खात्याच्या डेस्कटॉपवर मी एक पानाची फाइल ठेवते: कीबोर्ड कसा बदलायचा, जोडाक्षर कसं करायचं, रफार, ऱ्य आणि ऱ्ह, ॲ आणि ऑ. लिनक्सवर स्केलमधून, विंडोजवर डिफॉल्टच्या डेस्कटॉपमधून. विंडोजच्या पब्लिक डेस्कटॉपवर ठेवली असती तर ती सगळ्यांना सामायिक झाली असती आणि कुणालाही पुसता आली नसती. अशी प्रत ज्याची त्याला मिळते, शिकून झालं की टाकून द्यावी.

ज्येष्ठांसाठी मी वेगळं स्केल केलं आहे. यूजरअ‍ॅडला एमसोबत के हा पर्याय देऊन त्या फोल्डराचा पत्ता दिला की नेहमीच्याऐवजी तेच उतरतं. त्यात पहिल्या लॉगिनला अक्षरं सव्वापट करणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे, ती एकदा चालून स्वतःला पुसून टाकते. पुसायचं कारण असं, की कुणी अक्षरं लहान करून घेतली तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोठी होऊन त्याला चुकीचं ठरवू नयेत.

हे सगळं लावलं की तपासायची एकच खात्रीची पद्धत: चाचणीचं कोरं खातं काढायचं, लॉगिन करायचं, आणि नव्या सभासदासारखं वागायचं. ए-फोर आहे का, तारीख कशी दिसते, विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की मराठी येतं का, साचा उघडतो का, कुठे माझं नाव किंवा माझ्या फोल्डरचा पत्ता शिल्लक आहे का. मग ते खातं घरासकट काढून टाकायचं आणि काही सापडलं असेल तर दुरुस्त करून नवं चाचणीखातं. आपल्या रोजच्या खात्यात बसून डिफॉल्ट तपासता येत नाही, तिथे ते कधीच दिसत नाही. विंडोजचं मोठं अपडेट आलं की मी हे पुन्हा करते.

जुन्या सभासदांना यातलं काही आपोआप मिळत नाही, डीकॉन्फमधल्या पसंती तेवढ्या सोडून. त्यांच्या खात्यांत मी परस्पर हात घालत नाही. ज्याला हवं असेल त्याच्या शेजारी बसून, त्याच्या समोर, एकेक गोष्ट बदलून देते. गुरुवारी संध्याकाळ त्यासाठी राखलेली आहे. सध्या सगळ्यांत जास्त मागणी एक्स्टेन्शन दाखवण्याची आणि इनस्क्रिप्टची आहे.